चाळीस मीटरचा डायपोल, मुक्काम चोपडा

हौशी (हॅम) रेडिओसाठी चाळीस मीटर लहरींचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना, एकदाचा सुरात आला. सूत्र नेहमीचंच: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता. ७.१ ला लांबी येते २०.१४ मीटर. तार वर चढवली तर एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं बरं) तळ ६.९५ ला. इन्सुलेशनची तार, खाली स्लॅबातल्या सळया, मग असं होणारच. दोन्ही टोकं वीसेक सेंटीमीटर दुमडून तारेवरच गुंडाळली. तांब्याचे भाव बघता कात्री लावायची हिंमत झाली नाही. आता ७.१ ला १.३ दाखवतोय. इन्सुलेटर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे, आणि फीडपॉइंटला, जिथे केबल जोडतो तिथे, कोअ‍ॅक्सचेच वेढे मारून चोक, म्हणजे केबलवरून परतणारा प्रवाह अडवणारं वेटोळं.

उंची जमिनीपासून जेमतेम आठ मीटर. पुण्याचे मित्र हसतात, हसू देत. आमच्या उत्तरेला सातपुडा आडवा आहे. टू मीटर लहरींच्या हँडीवर (हातातल्या वॉकीटॉकीवर) इंदूरला कितीही हाका मारा, डोंगर ओ देऊ देत नाही. एवढ्या खालचा डायपोल मात्र बहुतेक सिग्नल सरळ वर आभाळात फेकतो आणि आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तो परत आपल्याच मुलखावर टाकतं. भर दुपारी इंदूर, नाशिक ओट्यावर बसून बोलल्यासारखे येतात. रात्री हेच जवळचे विरतात, लांबचे वर येतात.

गंमत म्हणजे या आखूड लहरी हौशींच्या पदरात पडल्या त्या टाकाऊ म्हणून. लांब पल्ल्याला लांबच लहर लागते, अशी तेव्हाची समजूत. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींत ढकललं. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या लिओं देलॉयने शंभरेक मीटरवर अमेरिकेच्या फ्रेड श्नेलशी अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला, आणि मग बड्या कंपन्याही शॉर्टवेव्हकडे वळल्या. आपल्याकडे अमरेंद्रचंद्र गुप्तू १९२१ पासूनच टू-जे-के या कॉलसाइनने (रेडिओवरच्या ओळखचिन्हाने) हवेवर होते.

खरा शत्रू गोंगाट. गल्लीतले एलईडी बल्ब, चार्जर मिळून सिग्नलचा जोर मोजणाऱ्या मीटरवर एस-सात. लाईट गेली की सुई धाडकन खाली! रिग (रेडिओ संच) बारा व्होल्टच्या बॅटरीवर, त्यामुळे लोडशेडिंग ही माझी पर्वणी. शेजारचे आप्पा गच्चीवर डोकावतात, ‘लाईट नही तरी तुना रेडिओ कसा चालस रे भो?’ बॅटरी दाखवली, तरी त्यांचा संशय तारेवरच.

पुढचं काम वीस मीटरचं. १४.२ ला पाच-पाच मीटरच्या भुजा याच फीडपॉइंटला जोडून फॅन डायपोल (एकाच केबलवर दोन डायपोल) करायचा विचार आहे. दोन तारांमध्ये अंतर किती ठेवता, ते कळवा. दुपारी ७.१ च्या आसपास ऐकत असतो. ७३ (हॅम मंडळींच्या भाषेत निरोपाच्या शुभेच्छा).