टिकटिक करणारा ऑसिलोस्कोप : माझा अनुभव

स्विच दाबला, पण पडद्यावर रेघ आली नाही आणि पुढचा छोटा दिवाही लागला नाही. पंखा जागच्या जागी किंचित थरथरला, बस. कान जवळ नेल्यावर आतून बारीक टिकटिक ऐकू आली, सेकंदाला पाच-सहा वेळा. माझा हा जुना, दोन चॅनेलचा, पिक्चर ट्यूबवाला ऑसिलोस्कोप, म्हणजे बदलतं व्होल्टेज पडद्यावर रेघेच्या आकारात दाखवणारं यंत्र. याच्याच पडद्यावर मी पहिल्यांदा स्क्वेअर वेव्ह (चौकोनी आकाराची लहर) पाहिली होती. टाकून देण्याचा विचारही मनात आला नाही.

खरं तर ती टिकटिक ऐकून मला जरा हायसं वाटलं. फ्यूज उडाला असता किंवा मुख्य मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला असता तर आतून आवाजच आला नसता. टिकटिक म्हणजे सप्लाय (मेन्सची वीज आतल्या बोर्डांना लागणाऱ्या व्होल्टेजमध्ये बदलणारा भाग) सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, काहीतरी अडवतंय म्हणून बंद पडतोय आणि पुन्हा प्रयत्न करतोय. आत यूसी३८४२ हा कंट्रोलर (सप्लाय चालवणारी चिप) होता. त्याच्या वीज घेणाऱ्या पायावर १६ व्होल्ट जमले की तो चालू होतो आणि ते १० व्होल्टच्या खाली घसरले की बंद होतो. प्रत्येक टिक म्हणजे हे एक चक्र.

झाकण उघडल्यावर आधी मुख्य कपॅसिटर रिकामा केला. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात. माझ्याकडचा २२० मायक्रोफॅरडचा होता, म्हणजे जवळजवळ १२ ज्यूल ऊर्जा. हात झटकला जाण्यापुरती ही गोष्ट नाही, जीव जाऊ शकतो. बरेच जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. कृपा करून तसं करू नका. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेशन असलेल्या वायरी जोडून तो दहा-बारा सेकंद टेकवून धरायचा आणि मग मीटर लावून खरोखर शून्याजवळ आलंय का ते बघायचं. दुसरं म्हणजे सप्लायच्या प्रायमरी (मेन्सला जोडलेल्या) बाजूला दुसऱ्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप कधीच लावायची नाही. ती क्लिप अर्थला जोडलेली असते, त्यामुळे मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तिथेच भडका उडतो.

यापुढच्या सगळ्या चाचण्या मी ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून केल्या. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सामान वाचतं.

मेन बोर्डाचा कनेक्टर काढला, ५ व्होल्टच्या आउटपुटवर ५ ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावला आणि सप्लाय चालू केला. टिकटिक गेली, सगळे व्होल्टेज बरोबर आले. म्हणजे दोष बोर्डावर, असा निष्कर्ष मी काढला. तो अर्धाच बरोबर होता हे मागाहून कळलं. बोर्डाच्या कनेक्टरवर प्रत्येक रेलचा, म्हणजे एका ठराविक व्होल्टेजची वीज बोर्डभर नेणाऱ्या वाटेचा, ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजला. ५ व्होल्टच्या रेलवर ४० ओहम, उणे १२ वर काही शे ओहम आणि अधिक १२ वर फक्त ०.७ ओहम. शॉर्ट सापडला, पण त्या रेलवर वीसेक कपॅसिटर आणि तितकेच आयसी. एकेक डिसोल्डर करत बसलं तर जुन्या बोर्डाचे पॅड उचकटून येतात.

इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती जरा सविस्तर सांगतो. बेंच सप्लायवर करंटची मर्यादा १ अँपिअर ठेवली, व्होल्टेज १ व्होल्टच्या वर जाऊ दिलं नाही आणि तो करंट त्या शॉर्ट झालेल्या रेलमध्ये सोडला. इतक्या कमी व्होल्टेजला बाकीच्या आयसींना काही होत नाही. तांब्याच्या ट्रॅकला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतोच, त्यामुळे करंट ज्या वाटेने जातो त्या वाटेवर व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. मीटरचा काळा प्रोब कनेक्टरच्या ग्राउंडवर पक्का केला आणि लाल प्रोब ट्रॅकवरून पुढे सरकवत गेलो. कनेक्टरवर ६४८ मिलिव्होल्ट, मधल्या जंपरवर ६०७, एका पिवळ्या थेंबासारख्या टँटलम कपॅसिटरच्या पायावर ५७१. त्याच्या पुढच्या कपॅसिटरवर ५७१, त्याच्याही पुढे ५७१. आकडा उतरायचा थांबला, म्हणजे त्या पिवळ्या थेंबापलीकडे करंट जातच नव्हता. बोट लावून पाहिलं तर तो कोमट लागत होता आणि त्याचे शेजारी थंडगार.

तो काढला आणि शॉर्ट गेला. अंगावर लिहिलं होतं १६ व्होल्ट. १२ व्होल्टच्या रेलवर १६ व्होल्टचा टँटलम म्हणजे फारच कमी फरक. टँटलमला निदान दुप्पट रेटिंग ठेवावं. मी ३५ व्होल्टचा बसवला, कनेक्टर लावला आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली.

दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी पहाटे गारठ्यात स्विच दाबला आणि पुन्हा तीच टिकटिक. रेल तपासले, शॉर्ट कुठेच नव्हता. दुपारी मात्र तोच स्कोप मुकाट्याने सुरू झाला. थंडीत अडतो आणि उबेत चालतो, हे म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या) कपॅसिटरचं ठरलेलं लक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढून सप्लायच्या बोर्डावर दोन मिनिटं हेअर ड्रायर फिरवला, मग चालू केला. पहिल्या झटक्यात लागला.

कोणता कपॅसिटर हे मग फार शोधावं लागलं नाही. कंट्रोलरला सुरुवातीची वीज देणारा २७० किलोओहमचा रेझिस्टर थेट ३२५ व्होल्टला जोडलेला असतो आणि स्कोप चालू असेपर्यंत जवळजवळ ०.४ वॅट उष्णता सोडत राहतो. त्याला अगदी चिकटून ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर उभा होता. वर्षानुवर्षं भाजून निघालेला, पण दिसायला ठणठणीत. ना फुगलेला, ना गळलेला. बाहेर काढून मोजला तर फक्त १९ मायक्रोफॅरड, आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, १४ ओहम. नव्याचा एका ओहमच्या आसपास असतो.

सगळा उलगडा तिथे झाला. कंट्रोलर चालू झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगमधून त्याला वीज मिळू लागेपर्यंत याच कपॅसिटरच्या साठ्यावर तग धरावा लागतो. १५ मिलिअँपिअर खेचले जात असतील तर १६ वरून १० व्होल्टवर यायला ४७ मायक्रोफॅरडला साधारण १९ मिलिसेकंद लागतात. १९ मायक्रोफॅरडला आठसुद्धा नाहीत, आणि थंडीत त्याहूनही कमी. पहिल्या दिवशी हलक्या लोडवर सप्लाय सुरू झाला तो याचमुळे: आउटपुट पटकन भरले आणि तेवढा वेळ पुरला. टिकटिकीच्या वेगातही हे दडलेलं होतं. २७० किलोओहममधून ४७ मायक्रोफॅरड भरायचे तर सेकंदाला जेमतेम दोन टिक व्हायला हव्या होत्या. मी पाच-सहा मोजल्या होत्या आणि त्या आकड्यावर थांबून विचार केला नव्हता.

नवा कपॅसिटर १०५ अंशांचा, ५० व्होल्टचा, कमी ईएसआरचा घेतला आणि पाय थोडे लांब ठेवून, त्यांवर स्लीव्ह चढवून, रेझिस्टरपासून दूर वाकवून बसवला. इलेक्ट्रोलिटिकचं तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणून ते सेंटिमीटरभर अंतर महत्त्वाचं. पुढचे पाच दिवस मुद्दाम पहाटेच चालू केला. प्रोब कॅलिब्रेशनच्या टोकाला लावला की १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दर वेळी सरळ कडांची येते.

१२ व्होल्टच्या त्याच रेलवरचे १६ व्होल्टचे आणखी चार टँटलमही बदलून टाकले. पाचवा ट्यूबच्या मागच्या छोट्या बोर्डावर आहे. तिथे दोन हजार व्होल्टच्या आसपासचं काम आहे, तेव्हा तो एखाद्या मोकळ्या दिवशी, आधी ट्यूब नीट डिस्चार्ज करून मगच काढेन.