तुकड्यामागे किती ग्रॅम?

घरून केक करून देणाऱ्यांचे ऑर्डर घेतानाचे प्रश्न ठरलेले असतात: किती वजनाचा, नाव काय लिहायचं, कधी हवाय. त्या दिवशी मात्र समोरच्या बाईंनीच मला विचारलं, "ताई, एका तुकड्यात कार्ब किती ग्रॅम असतील?"

त्यांच्या मुलीला टाइप १ डायबेटिस आहे. वाढदिवसाला तिला चॉकलेट केकच हवा होता. "नुसतं शुगर-फ्री म्हणू नका, मला आकडा लागतो," त्या म्हणाल्या. कार्ब म्हणजे कर्बोदकं, त्यांचीच रक्तात साखर होते. म्हणून त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरतो. आकडा कमी सांगितला तर साखर चढते, आणि जास्त सांगितला तर डोस जास्त जाऊन ती धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. पाकिटावर शुगर-फ्री लिहिलेल्या कितीतरी चॉकलेटांत साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यानंही रक्तातली साखर वाढते, फक्त साखरेपेक्षा कमी. त्यामुळे ती चॉकलेटं मी बाजूलाच ठेवली.

मैदा नसलेला केक घ्यायचं ठरवलं, कारण त्याला उभं करतात ती अंडी. २०० ग्रॅम ८५ टक्के कोकोचं चॉकलेट, १५० ग्रॅम बटर, ५ अंडी, ३० ग्रॅम कोको पावडर आणि साखरेऐवजी १२० ग्रॅम एरिथ्रिटॉल. खरी कसरत एरिथ्रिटॉलची. त्याची गोडी साखरेपेक्षा कमी, आणि केक गार झाला की त्याचे पुन्हा खडे बनतात. दाताखाली कचकच लागते, जिभेला गारवा जाणवतो. म्हणून ते मिक्सरमधून पिठीसारखं बारीक केलं आणि चॉकलेट-बटर गरम असतानाच त्यात घोटून घेतलं. शिवाय चिमूटभर मीठ आणि चमचाभर कडक कॉफी घातली. कॉफीची चव वेगळी कळत नाही, पण चॉकलेट गडद लागतं आणि गोडी कमी असल्याचं जाणवत नाही. अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवली होती. गार अंड्यांनी बटर आखडतं आणि सगळं मिश्रण फाटल्यासारखं दिसतं.

टिन गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० अंशांवर भाजला. या केकला सुरी खुपसून बघण्यात अर्थ नाही, ती ओलीच निघणार. टिन हळूच हलवायचा. कडा घट्ट आणि मधला तळहाताएवढा भाग थरथरतोय, तेवढ्यात बाहेर काढायचा. पुढे तो आपोआप सेट होतो. ओव्हनमध्ये फुगलेला हा केक बाहेर आल्यावर मध्ये बसतो, वर भेगा पडतात. ते तसंच व्हायला हवं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला.

मग हिशेब. काही पाकिटांवर कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, काहींवर ते वेगळं दिलेलं असतं. हे न बघता बेरीज केली तर सगळंच चुकतं. माझ्या चॉकलेटमध्ये फायबर सोडून १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम कार्ब होते, म्हणजे चॉकलेटचे ४४. कोको आणि अंडी धरून अख्ख्या केकचे साधारण ५२. एरिथ्रिटॉल शरीर जवळजवळ वापरतच नाही, ते बहुतेक लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते धरलं नाही. पण चिठ्ठीवर त्याचं वजन वेगळं लिहिलं, कारण काय धरायचं हा निर्णय आईचा. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं १२ तुकडे केले आणि एकेक वजनकाट्यावर ठेवून सारखा केला: प्रत्येकी ६० ग्रॅम, कार्ब साडेचारच्या आत. नेहमीचं गोड चॉकलेट आणि साखर वापरली असती तर तेवढ्याच तुकड्यात वीसच्या आसपास गेले असते.

केक द्यायला मी स्वतः गेले. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "बटर भरपूर आहे, म्हणजे साखर उशिरा चढेल. झोपताना परत तपासते," असं म्हणून त्यांनी डोस ठरवला. मुलीनं पहिला तुकडा संपवला आणि आईकडे बघितलं. आईनं चिठ्ठीकडे बघितलं.

"घे अजून एक," त्या म्हणाल्या, "साडेचारच वाढतील."

तिनं कडेचा, जास्त भेगाळलेला तुकडा निवडला.