पिसदुऱ्याला डायटम शोधायला जाताय? आधी प्रयोगशाळा पक्की करा

"पिसदुऱ्याला डायटम मिळतात" एवढंच मला सांगण्यात आलं होतं. डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म एकपेशीय शैवाल. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातल्या या गावच्या शेतांत मिळतात ते कोप्रोलाइट, म्हणजे क्रिटेशियस (डायनोसॉरच्या शेवटच्या) काळातली दगड झालेली विष्ठा. डायटम असलेच तर तिच्या आत, तेही मायक्रोमीटरच्या मापाचे. शेतात भिंग काढून बसू नका.

पावसात जाऊच नका, काळी माती पाऊल उचलू देत नाही. एप्रिल-मे उन्हामुळे बाद. पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं की शेतमालकाला विचारून सकाळी जा.

अवघड टप्पा पुढे आहे. एका प्रयोगशाळेने माझे तुकडे परागकणांच्या नेहमीच्या पद्धतीने हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकले. परागकणांना त्याने काही होत नाही. डायटमचं कवच सिलिकाचं, ते विरघळून गेलं. स्लाइडवर शून्य. अजून राग जात नाही! त्यामुळे नमुना हातातून सोडण्यापूर्वी "हायड्रोफ्लोरिक नको" असं लेखी द्या.

दुसरा धोका पाण्याचा. इथला डायटम ऑलाकोसिरा, आणि हा वंश आजही तळ्यांत जगतो. तळ्या-विहिरीच्या पाण्याने कोप्रोलाइट धुतला तर कालचा डायटम क्रिटेशियसचा ठरेल. बाहेरचा थर काढून टाका, आतला गाभा घ्या, गाळलेलं ऊर्ध्वपातित पाणी वापरा. सोबत नमुन्याशिवायची कोरी स्लाइड कराच. ती न करणाऱ्याच्या निकालावर मी विश्वास ठेवणार नाही.

नंतर नव्या तुकड्यांतून सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब घालून वापरायच्या) भिंगाखाली एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखी साखळी दिसली. भिंतीवर छिद्रांच्या ओळी, टोकांना एकमेकांत अडकलेले काटे. सगळा शीण गेला! डायटम मूळचे समुद्रातले. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळातले सुस्थितीतले जीवाश्म सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. गोड्या पाण्यातले त्यानंतरचे. मेक्सिकोतल्या सोनोराच्या चर्टमधले (सिलिकाच्या कठीण खडकातले) 2002 मध्ये, आणि आपल्याकडच्या लमेटा (दख्खनच्या लाव्हाखालच्या गाळाच्या) व दख्खनच्या आंतरट्रॅपी (लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या) थरांतले ऑलाकोसिरा 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे डायनोसॉर नाहीसे होण्याआधीच डायटम तळ्यांत शिरले होते. खारटपणाचा अडसर त्यांच्या निरनिराळ्या शाखांनी पुढेही स्वतंत्रपणे ओलांडला, पण ऑलाकोसिरा सुरुवातीच्यांपैकी.

सुटं कवच सापडलं म्हणून लगेच जाहीर करू नका. कोप्रोलाइटचा पातळ छेद घ्या. त्यात डायटम दगडातच रुतलेला दिसला तरच त्याला जीवाश्म म्हणा.