पकाकडे पाठ करून

टोरांटोत राहणारा माझा भाचा मला अधूनमधून आइस हॉकीच्या चित्रफिती पाठवत असतो. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा ऐरोलीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे चहाचे आधण ठेवतानाच माझा फोन वाजू लागतो. प्रत्येक चित्रफितीखाली तो एक प्रश्न जोडतो. मी १९ वर्षे ठाणे आणि नवी मुंबईतील कबड्डीच्या मैदानांवर पंच म्हणून उभा राहत आलो आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि मामाला पेचात पकडण्यात त्याला लहानपणापासून आनंद वाटतो. यंदा त्याने एक जुनी चित्रफीत पाठवली आणि विचारले, "मामा, तुझ्या मैदानावर कोणी असं केलं, तर तू काय देशील?"

प्रसंग १३ एप्रिल २००८ चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. न्यूयॉर्क रेंजर्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांच्यातील बाद फेरीचा तिसरा सामना चालू होता. डेव्हिल्सचे दोघे शिक्षेच्या बाकावर बसलेले असल्यामुळे बर्फावर पाच विरुद्ध तीन अशी स्थिती होती. डेव्हिल्सच्या गोलात होता मार्टिन ब्रोड्यूर, ज्याच्या नावावर पुढे कारकिर्दीअखेर साखळी सामन्यांतील ६९१ विजयांचा विक्रम लागला. रेंजर्सचा शॉन एव्हरी त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि त्याने चक्क पकाकडे, म्हणजे खेळातल्या चकतीकडे, पाठ केली. ब्रोड्यूरच्या डोळ्यांत डोळे घालून तो दोन्ही हात आणि काठी त्याच्या चेहऱ्यासमोर नाचवू लागला. ब्रोड्यूर मान डावीकडे काढायचा की हा डावीकडे, उजवीकडे काढली की हा उजवीकडे. बस सुटताना खिडकीबाहेर लहान मुले चालकाला वेडावून दाखवतात, तसेच ते दृश्य दिसते. फरक एवढाच की हा मनुष्य त्यासाठी पगार घेत होता. त्याच पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचे गडी कमी असतानाच, थोड्या वेळाने एव्हरीनेच गोल केला.

बर्फावरच्या पंचांनी त्या हातवाऱ्यांबद्दल शिक्षा दिली नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. नियमपुस्तकात गोलरक्षकाला धक्का देऊ नये, त्याला अडवू नये असे लिहिलेले होते. एव्हरीने ब्रोड्यूरला स्पर्शही केला नव्हता. गोलरक्षकासमोर उभे राहून त्याची दृष्टी झाकणे हा तर त्या खेळातील मान्यताप्राप्त डाव आहे. डेट्रॉइटच्या टोमास होल्मस्ट्रॉमने त्याच जागेवर उभे राहून आणि पाठीवर काठ्यांचे तडाखे सोसून आख्खी कारकीर्द घडवली. मात्र होल्मस्ट्रॉम गोलरक्षकाकडे पाठ करून उभा राहत असे. त्याचे तोंड फटका मारणाऱ्याकडे असे, कारण सुमारे १७० ग्रॅमची ती कडक रबरी चकती येताना दिसली, तर काठीचा जरासा स्पर्श करून तिची दिशा बदलता येते. एव्हरीला चकती दिसतच नव्हती, आणि तेवढ्या वेळापुरती ती त्याला बघायचीही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, मालिका चालू असतानाच, ही स्पर्धा चालवणाऱ्या नॅशनल हॉकी लीगने अखिलाडू वर्तनाच्या नियमाचा खुलासा जाहीर केला. आक्रमक खेळाडू गोलरक्षकाकडे तोंड करून उभा राहिला आणि चाल रचण्याचा प्रयत्न करण्याऐवजी त्याचे लक्ष उडवण्यासाठी त्याच्या चेहऱ्यासमोर हात किंवा काठी हलवू लागला, तर त्याला किरकोळ शिक्षा, म्हणजे दोन मिनिटे बाहेर. सामना डेव्हिल्सने जादा वेळेत ४-३ असा जिंकला, पण मालिका रेंजर्सने ४-१ अशी खिशात घातली. मालिका संपल्यावर दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांचे हात हातात घेतात, हा त्या खेळातला जुना आणि मला फार आवडणारा रिवाज आहे. ब्रोड्यूरने रांगेत एव्हरीचा हात मात्र हातात घेतला नाही.

लीगच्या त्या खुलाशातील एका गोष्टीने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. तिथे सभ्यतेचा मुद्दा नाही, आवाजाचा नाही, अपमानाचाही नाही. प्रश्न एकच आहे: तो खेळाडू त्या क्षणी खेळत होता का? हे माप हाती लागताच मला माझाच एक जुना निर्णय आठवला.

घणसोली गावठाणातला रात्रीचा सामना होता. हॅलोजनच्या उजेडात पाणी मारून दाबलेली माती, एका बाजूला मंडळाचा मंडप, शेवटचे मिनिट आणि फलक बरोबरीत. चढाई करणाऱ्या संघाचा एक उंच, सडपातळ मुलगा आत गेला. समोर सहा जण होते, म्हणजे बोनस रेषा ओलांडून जादा गुण घेण्याची संधी खुली होती. त्यांचा सातवा गडी बाद होऊन अंतिम रेषेमागच्या राखीव जागेत बसलेला होता. चढाईपटूने उजवा पाय बोनस रेषेकडे टाकला, पण तो टेकला तेव्हा मागचा पाय हवेत नव्हता. म्हणून बोनसच्या खुणेसाठी माझा अंगठा वर गेला नाही. तेवढ्यात त्या बसलेल्या गड्याने गुडघ्यांवर हात टेकून, या मुलाच्या संघनायकाच्या आवाजाची बेमालूम नक्कल करत आरोळी ठोकली, "गेला बोनस! ये माघारी!" मुलाने माझ्याकडे पाहिलेच नाही. तो वळला आणि हात उंचावत रिकाम्या हातांनी मध्यरेषेपार आला. पुढच्याच चढाईत त्याचा संघ एका गुणाने हरला.

कबड्डीचे नियम या बाबतीत मोठे गमतीदार आहेत. चढाईपटूला त्याच्याच संघातील कोणी चढाई चालू असताना सूचना दिली, तर समोरच्या संघाला गुण मिळतो. चढाईपटूचा दम तोडण्यासाठी त्याचे तोंड दाबणे हाही उघड अपराध आहे. पण समोरच्या संघातल्या, तेही बाद झालेल्या गड्याने, आपल्याच माणसाचा आवाज काढून आपल्याला परत बोलावले तर काय करावे, हे मला ठाऊक असलेल्या एकाही कलमात बसत नव्हते. सरपंचांशी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांशी, मध्यरेषेवर उभ्या उभ्या बोललो. शिस्तभंग म्हणून तांत्रिक गुण द्यावा असे त्यांना वाटत होते. मी म्हणालो, की आरोळ्या दोन्हीकडून चालू आहेत, एकालाच वेगळे कसे काढायचे? अखेर त्या गड्याला हिरवे कार्ड, म्हणजे नुसती ताकीद देऊन आम्ही खेळ पुढे नेला. सामना संपल्यावर हरलेल्या संघाच्या नायकाने सगळ्यांशी हात मिळवले, आणि माझ्यापाशी आल्यावर तो टॉवेल खांद्यावर टाकून पुढे निघून गेला.

आज मला वाटते, की सरपंचांचे बरोबर होते. मैदानातल्या सहा जणांनी तीच आरोळी ठोकली असती, तर मी त्याला फसवा डाव म्हटले असते आणि आजही म्हणेन, कारण त्या सहांना पकड करायची होती आणि बोलत असताना त्यांनाही स्पर्श होऊन बाद होण्याचा धोका होता. बसलेल्या गड्याला कसलाच धोका नव्हता. तो खेळतच नव्हता. एव्हरी निदान बर्फावर तरी होता.

तोंडाने डिवचण्याबद्दल माझे मन तेवढे कडक नाही. आइस हॉकीत काही खेळाडूंची नेमणूकच जणू समोरच्याचे डोके फिरवण्यासाठी झालेली असते. फिनलंडचा एसा टिक्कानेन फिनिश आणि इंग्रजीची अशी काही खिचडी करून अखंड बडबडत असे, की समोरच्याला शिवी बसली की आशीर्वाद मिळाला, हेही कळत नसे. आमच्याकडे आगरी पोरांच्या संघाविरुद्ध बाहेरगावचा संघ आला, की मला टिक्कानेनची आठवण होते. त्याच्या उलट टोकाला तेव्हा बोस्टनकडून खेळणारा ब्रॅड मार्शंड. २०१८ च्या बाद फेरीत त्याने आधी टोरांटोच्या लिओ कोमारोव्हला आणि पुढच्या फेरीत टँपा बेच्या रायन कॅलहनला चक्क जिभेने चाटले, तेव्हा लीगला त्याला समज द्यावी लागली, की पुन्हा असे केल्यास शिक्षा होईल. चाटू नये असे नियमात लिहिण्याची वेळ येईल, हे कोणत्या समितीला सुचले असते?

याहून मला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे नियमच शस्त्र म्हणून वापरणे. १९९३ च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतला दुसरा सामना: लॉस एंजेलिस किंग्ज मॉन्ट्रियलविरुद्ध २-१ ने पुढे, घड्याळात १ मिनिट ४५ सेकंद शिल्लक. मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी पंचांना मार्टी मॅकसोर्लीची काठी मोजायला सांगितली. काठीच्या पात्याला तेव्हा अर्ध्या इंचापर्यंतच बाक चालत असे; मॅकसोर्लीचे पाते त्याहून वाकडे निघाले आणि तो दोन मिनिटांसाठी बाहेर गेला. एरिक देजार्दां याने त्या संधीत बरोबरी साधली, जादा वेळेत विजयी गोलही त्यानेच केला, आणि मॉन्ट्रियलने पुढे मालिका ४-१ ने जिंकली. भाच्याचे म्हणणे, की डेमर्सने रडीचा डाव खेळला. मला ते पटत नाही. काठी वाकडी होती, आणि ती वाकडी आहे हे ती हातात धरणाऱ्याला सगळ्यात आधी माहीत असायला हवे.

आमच्याकडे असेच तेल आणि नखांचे होते. अंगाला तेल लावून उतरायला मनाई आहे आणि नखे कापलेली असावी लागतात. संघ मैदानात येण्याआधी आम्ही प्रत्येकाच्या दंडावरून तळवा फिरवतो, बोटे उलटी करून पाहतो, आणि गुणलेखकाच्या टेबलावर पेनांशेजारी एक नेलकटर कायम पडलेला असतो. तरीही मुरलेला संघनायक सामन्याची ३५ मिनिटे उलटेपर्यंत गप्प राहतो आणि नेमका आपल्या दमछाक झालेल्या पकडीच्या गड्याला श्वास घ्यायला वेळ हवा असतो, तेव्हा हात वर करून म्हणतो, "सर, पाच नंबरची नखं बघा." सामन्याची एकूण ४० मिनिटे, त्यातली एवढी उलटून गेल्यावर याला नखे दिसतात! मी बघतो, कारण बघणे माझे काम आहे, आणि तेवढ्यात त्याचा गडी पाणी पिऊन येतो. त्याला तो श्वास मिळवून देणारा मीच असतो, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

गेल्या महिन्यात त्याच गावठाणात स्पर्धा होती. मंडळाच्या कार्यवाहांना सांगून मी छापील नियमांत एक ओळ वाढवून घेतली, की राखीव जागेत बसलेल्या बाद खेळाडूने चढाई चालू असताना चढाईपटूला उद्देशून आवाज दिल्यास विरुद्ध संघास एक गुण दिला जाईल. नाणेफेकीआधी दोन्ही नायकांना ती मोठ्याने वाचून दाखवली. एकाने मान डोलावली. दुसरा, विशीतला, कपाळावर रुमाल बांधलेला, कागद हातात घेऊन ती ओळ ओठ हलवत पुन्हा वाचत राहिला आणि मग त्याने अगदी निरागसपणे मला विचारले, "आणि सर, नुसतं खोकलं तर?"