कुठे उतरणार?

इथे जर्मनीत मराठी घरांत जर्मन शब्द फारसे घुसत नाहीत. भाजी ती भाजी आणि पोळी ती पोळीच राहते. पण 'टर्मिन' मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलाय. टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट. "टर्मिन मिळालं का?" हे आमच्याकडे "जेवलात का?"च्या चालीवर विचारलं जातं.

पहिला झटका आल्या आल्याच बसला. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, असा कायदा. आणि नगरपालिकेच्या कार्यालयात पहिली मोकळी वेळ पाच आठवड्यांनंतरची. नोंदणीचा कागद नाही म्हणून बँक खातं उघडेना. ११ आकडी करक्रमांकही नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. तोही पत्रपेटीवर तुमचं नाव असेल तर, नाहीतर पोस्टमन पाकीट घेऊन परत जातो. मी घाबरून दंड किती पडेल ते शोधत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, टर्मिन बुक केल्याचा ईमेल जपून ठेव, कोणी काही म्हणणार नाही. कोणी म्हटलंही नाही. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की त्याची मुदत पाळता येत नाही!

खरा घोळ झाला तो यंदा, रहिवासी परवान्याच्या नूतनीकरणाचा. परवाना १४ सप्टेंबरला संपत होता. मी शहाण्यासारखा जूनमध्येच ऑनलाइन अर्ज केला, सगळे कागद स्कॅन करून. दोन सेकंदांत उत्तर आलं, 'तुमचा अर्ज मिळाला, कृपया चौकशी करू नये.' त्यानंतर चिडीचूप.

कायद्याने पाहिलं तर मी सुरक्षित होते. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानतात. पण तसं मानलंय हे सांगणारा कागद हातात असावा लागतो. त्याचं नाव 'फिक्टिओन्सबेशाइनिगुंग', आम्ही नुसतं 'फिक्शन' म्हणतो. त्यावर तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर खूण असेल, तर भारतात जाऊन परत येता येतं. मला डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला डोंबिवलीला यायचंय, तिकिटं काढलेली. आणि ती खूण करून घ्यायला हवं टर्मिन.

मग सुरू झाला सकाळचा उद्योग. पावणेसातला उठायचं, एकीकडे कुकर लावायचा, दुसरीकडे लॅपटॉप. सातला नवीन वेळा उघडतात म्हणे. आपल्याकडे तत्काळला दहाच्या ठोक्याला जशी बोटं शिवशिवतात, तसंच. फरक एवढाच, की तत्काळमध्ये निदान गाडी असते हे दिसतं. इथे पांढऱ्या पानावर एकच ओळ येते, 'लायडर काइने टेर्मिने फेर्फ्यूगबार', माफ करा, एकही वेळ शिल्लक नाही. त्या 'लायडर'चा मला इतका राग बसलाय की ऑफिसात कोणी सहज म्हटलं तरी डोक्यात जातो.

एकदा दिसली. ९ वाजून २० मिनिटांची, हिरवी. फॉर्म भरायला लागले. नावाच्या रकान्यात नुसतं माझं नाव टाकलं, तर लाल अक्षरं आली, परवान्यावरच्या नावाशी जुळत नाही. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव असतं ना. ते जोडेपर्यंत वेळ गेली. वडिलांच्या नावाने असा दगा द्यावा!

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, सकाळी लवकर जाऊन नंबर लाव ना." रेशन कार्डापासून सगळी कामं त्यांनी तशीच केलेली. डबा घेऊन जायचं, पुढच्या माणसाशी ओळख काढायची, साहेब जेवायला गेले की बाकावर बसायचं. त्यांना कसं सांगू, की इथे दारावर सुरक्षारक्षक विचारतो, "टर्मिन आहे?" नाही म्हटलं की अदबीने रस्ता दाखवतो. भांडायला समोर माणूसच नाही. मला त्या रांगेची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

टेलिग्रामवर टर्मिन विकणारे आहेत. एकाने पन्नास युरो सांगितले. खोटं कशाला बोलू, दोन दिवस विचार केला.

शेवटी कामी आली डोंबिवली. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठाण्या-कल्याणकडचे बरेच आहेत. टर्मिन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पण रद्द केलं की पाच-दहा मिनिटांत ते यादीत परत दिसतं. मग ज्याला नको असेल त्याने ग्रुपवर वेळ सांगायची, गरजूने बोट ठेवून तयार राहायचं. लेडीज डब्यात आपण सीटवरच्या बाईला विचारतो ना, "कुठे उतरणार?", तस्संच. ग्रुपवरही तेच वाक्य रूढ झालंय. दोनदा माझी सीट भलत्याच कोणीतरी उचलली. तिसऱ्यांदा एका पुणेकराने रात्री साडेनऊला आपलं रद्द केलं आणि २१ ऑक्टोबर माझ्या नावावर झाला. पुणेकराने उठून जागा दिली, हे ग्रुपवर अजून गाजतंय.

आत गेल्यावर काम झालं अकरा मिनिटांत. टेबलामागच्या बाई अतिशय नीट बोलल्या. खिडकीत त्यांनी टोमॅटोचं रोप लावलं होतं. मी ऑनलाइन पाठवलेला अर्ज त्यांनी सगळाच्या सगळा प्रिंट करून, भोकं पाडून फाइलला लावलेला. २०१७ साली या देशाने कायदा केला होता, की २०२२ संपेपर्यंत ५७५ सरकारी सेवा ऑनलाइन करायच्या. मुदत हुकली. पण त्या फाइलीकडे बघून वाटलं, झाल्या असत्या तरी कोणीतरी भोकं पाडलीच असती. बोटांचे ठसे दिले, नूतनीकरणाचे ९३ युरो भरले, तिसऱ्या चौकोनावर खूण झाली.

भीतीपोटी मी जानेवारीतलंही एक टर्मिन धरून ठेवलं होतं. त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, "१२ जानेवारी, सकाळी १०. मी उतरतेय. कोण बसतंय?" चार हात वर आले. एकीचा परवाना नाताळात संपतोय, तिला म्हटलं तू तयार राहा, आणि रद्दचं बटण दाबलं.

सात मिनिटांनी तिचा निरोप आला, "बसले."