दुधाचा पगार आणि चाकणची पगारपावती

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत दहावीच्या वर्गासाठी करिअर मार्गदर्शनाचं सत्र होतं. अशा सत्रात ‘मोठेपणी कोण होणार?’ हे मी विचारत नाही. पोलीस, आर्मी, डॉक्टर, एमपीएससी ही उत्तरं पाठ असतात आणि चर्चा तिथंच संपते. मी विचारते ते असं: तुमच्या ओळखीतलं कोण काय काम करतं, त्याला किती वेळ लागतो आणि शेवटी हातात किती उरतं? घरचे आकडे सांगायची सक्ती मात्र नसते. घरातलं कर्ज किंवा आजारपण वर्गासमोर उघडं पडू नये म्हणून नमुन्याचे हिशेब मी लिहूनच नेते.

ते हिशेब पिशवीतच राहिले. एक मुलगा आपणहून उठला आणि म्हणाला, “मॅडम, नोकरी कशाला? आमच्या दोन गाईंचा दुधाचा पगार महिन्याला एकवीस हजार येतोय.”

त्यालाच फळ्याजवळ बोलावलं. दोन्ही गाईंचं मिळून रोज २२ लिटर दूध, दर ३२ रुपये. दर दहा दिवसांनी बिल, महिन्याची तीन बिलं मिळून २१,१२० रुपये. आकडा खरा होता. मग पेंड मांडली. गाईला अंगासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम, म्हणजे ११ लिटरच्या गाईला जवळपास ६ किलो. दोघींना महिन्याला ३६० किलो. पन्नास किलोचं पोतं १,६०० रुपयांना धरलं तर ११,५२० रुपये. खनिज मिश्रण, डॉक्टर, लाईट धरून आणखी १,५०० गेले. उरले ८,१००.

वैरणीला तो थांबला. “ती घरच्या रानातली, तिला कुठं पैसे पडतात?” वर्गातूनच उत्तर आलं, “विकली असती तर आले असते की!” रोज ५० किलो, किलोला ३ रुपये, महिन्याचे ४,५००. आता उरले ३,६००. शेवटी तास. धारा, शेण, वैरण कापणं, सकाळी अडीच आणि संध्याकाळी अडीच. “आई करती,” तो म्हणाला. महिन्याचे दीडशे तास, तासाला २४ रुपये. शिवाय वेताआधी साधारण दोन महिने गाय आटवावी लागते. तेव्हा बिल थांबतं, पेंड थांबत नाही.

सत्र बिघडायची जागा हीच. मुलं चटकन ‘म्हणजे धंदा तोट्यातच’ असं ठरवून मोकळी होतात आणि ज्यानं धीर करून घरचं सांगितलं त्याचीच मान खाली जाते. म्हणून मी जमेची बाजूही लगेच लिहायला लावते. शेणखत रानात जातं, कालवड वाढते आणि वैरणीचे ४,५०० घरच्याच रानाला मिळतात. रोख हातात येतात ते ८,१००च. ‘घर चालायला किती येतं’ आणि ‘धंद्यात किती उरतं’ या दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन खरी उत्तरं आहेत.

मग तीच फूटपट्टी नोकरीला लावली. एका मुलीची बहीण चाकणला कामाला आहे. पगार १८,०००, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, पाऊण टक्क्यानं १३५. महाराष्ट्रात बाईला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पुरुषाचे या पगारावर २०० आणखी गेले असते. हातात १६,४२५. खोलीचा वाटा, मेस, प्रवास आणि फोन मिळून ७,००० गेले की ९,४२५. रोज आठ तास ड्युटी आणि दोन तास येण्याजाण्याचे, सव्वीस दिवसांचे २६० तास. तासाला ३६ रुपये पडले.

फरक वाटला होता तेवढा निघाला नाही. पण पीएफ कापला म्हणजे बुडाला नाही, मालकही तेवढीच रक्कम भरतो, त्यातली काही पेन्शनला जाते. ईएसआयमुळे दवाखाना मिळतो. हे संरक्षण धारा काढणाऱ्या आईला नाही, हे मला वर्गात मोठ्यानं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलं. तिच्या दीडशे तासांना घरात कुणी काम म्हणून मोजत नसेल, तर मुलांना कामाची किंमत पुस्तकातून कळणार नाही.

मुलगा अजून फळ्याजवळच होता. “पेंडीचा खर्च कमी कसा करायचा, हे शिकवतात का कुठं?”

हा प्रश्न ‘कोण होणार’ असं विचारून कधीच आला नसता. जनावरांचा आहार पशुवैद्यकाच्या पदवीत शिकवतात. त्याला बारावीला जीवशास्त्र आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते, शिक्षण साडेपाच वर्षांचं. दुधावरच्या प्रक्रियेत जायचं तर डेअरी टेक्नॉलॉजीचं चार वर्षांचं बी.टेक. आहे, उदगीर आणि पुसदजवळ वरुडला कॉलेजं आहेत, तिथं गणित लागतं. अकरावीचा अर्ज भरताना ‘जड जाईल’ म्हणून यातला एक विषय सोडला की एक वाट बंद होते, आणि पुढं ती उघडणं फार कठीण असतं. त्याचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणून सायन्स घेणार असशील तर तूर्त दोन्ही विषय ठेव, असं त्याला सांगितलं, आणि तेच वर्गशिक्षकांच्या वहीतही लिहून दिलं.