तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मामा तलाव’ म्हणजे कोणाचा मामा?

गोंदिया-भंडाऱ्याकडचं कोणी बाहेर भेटलं आणि गावच्या तलावाचा विषय निघाला, की हा प्रश्न ठरलेला. नात्यातला मामा नाही तो. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची पहिली अक्षरं आहेत. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावरचं हे नाव बोलण्यात आलं. मला ते नाव कधी पटलं नाही. त्यात मालगुजार आहे, पण पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, घालणारा कोहळी समाज नाही, आणि त्या पाण्यावर पोट भरणारा मासेमार ढिवरही नाही.

आमच्याकडे पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत येऊन जातो. आश्विनाच्या सुमारास धान निसवायला लागतं, बांधीत पाणी हवं असतं आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं पडतं. त्या एका पाण्यासाठी हा सगळा खटाटोप. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी जमिनीचा उतार वाचत पाळी घातल्या. तलाव बांधेल त्याला खालची भिजणारी जमीन, असा राजाचा शब्द होता असं जुनी माणसं सांगतात. पूर्व विदर्भात आजही असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत.

त्यातला नवेगावबांध एकदा तरी पाहा. तिथे लांबलचक भिंत शोधू नका, सापडणार नाही. डोंगरांमधल्या मोजक्या खिंडी बुजवल्या आणि डोंगरांनाच पाळ करून टाकलं. हे काम कोलू पाटील कोहळ्याचं. लोकांनी पुढे त्याला कोलासूर म्हणून देव केलं. तलाव बांधणाऱ्याचा देव व्हावा, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता जे मनाला लागलंय ते सांगतो. आमच्या गावच्या तलावातला गाळ काढायला यंत्रं आली तेव्हा मीही खूश होतो. पण त्यांनी काठापासूनच सरळ खोल खड्डे मारले. काठाचा तो पसरट, गुडघाभर पाण्याचा उथळ भाग गेला. तिथेच देवधान उगवायचं. देवधान म्हणजे आपोआप येणारा रानभात; त्याच्या आडोशाला पाणपक्षी बसायचे, मरळीची पिल्लं वाढायची. पुढच्या वर्षी पाणी जास्त होतं आणि तलाव मुका होता. गाळ काढायलाच हवा, पण कुठून किती काढायचा हे ढिवरांना विचारून. तलावाचा तळ त्यांच्या पायांना पाठ असतो.

आणि बिघडलेला तलाव सावरतोही. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर बायकांनी हे करून दाखवलंय. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरमाची झुडपं मुळासकट उपटायची, जमीन नांगरायची, आणि पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. एक बाई लावताना मी जवळून पाहिली. पाणी मांडीपर्यंत. हातातली जुडी सोडवून एकेक रोप ती पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबत होती. कशासाठी, म्हणून विचारलं तर मान वर न करताच म्हणाली, “मासोळीले घर पायजे ना भाऊ.”